बलकाचं गुपित

प्रिय छकुले,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (वाकू नकोस म्हटलं की तू मुद्दाम वाकतेस, म्हणून काही सांगत नाही.) इकडे सगळं ठीक, फक्त घरात अंडी शिरली आहेत.

तुझे भाऊजी वजनमाप निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण तराजू काही निवृत्त होईना. कुठल्याशा तक्त्यात त्यांनी वाचलं की शंभर ग्रॅम उकडलेल्या अंड्यात साडेबारा ग्रॅम प्रथिनं असतात. लगेच दोन अंडी उकडून कवचासकट जोखली, मग सोलून जोखली, आणि फरक निघाल्यावर तरातरा दुकानात जाऊन म्हणाले, "कवचं विकता होय?" दुकानदार म्हणाला, "साहेब, बिनकवचाची हवी असतील तर कोंबडीशी बोला." तेव्हापासून आम्ही दुकान बदललंय.

पुढे कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की बलकात नुसती चरबी. झालं! रोज तीन अंडी उकडायची, पांढरं स्वतः खायचं आणि बलक माझ्या बशीत सरकवत म्हणायचं, "टाकायचं कशाला? तू खा." अडतीस वर्षांचा संसार, छकुले! त्यांना जे बाधतं, ते मला चालतं. मीही गरीब गाईसारखी मान डोलावते. (आठवतं? बोर्डिंगात रविवारी दोघींत मिळून एक अंडं यायचं. तू भोकाड पसरायचीस, म्हणून बलक कायम तुझा. सिस्टर मला 'समजूतदार' म्हणायच्या आणि मी ती पदवी पांढऱ्याबरोबर गिळायचे.)

मागच्या महिन्यात दोघं तपासणीला गेलो. आहारतज्ज्ञ बाई मला म्हणाल्या, "रिपोर्ट छान आलाय हो तुमचा. बलक खाता ना? जीवनसत्त्वं बहुतेक त्यातच असतात." तुझे भाऊजी तेव्हा बाहेर, दवाखान्याचा वजनकाटा खोटा आहे म्हणून भांडत होते. घरी येऊन मी अवाक्षर काढलं नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. खरं काम असं : यांना हल्ली थकवा येतो. बलक सुरू करू का, हे विचारायला ते तुला फोन करणार आहेत. तू नर्स होतीस, तेव्हा तुझा शब्द शेवटचा. "भाऊजी, बलकाला हात लावू नका," एवढंच सांग. आणि हसू नकोस. खोटं बोलताना तुला हसू येतं.

पुन्हा ता. क. मला दुष्ट म्हणू नकोस. हल्ली जिना चढताना ते माझा हात धरतात. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता. दम लागतो म्हणून धरतात, हे कळतं गं मला. तरी महिनाभर राहू दे.