हयात शिरस्तेदाराचा शोक

पांढरकवडा,
१२ नोव्हेंबर २००५

चि. आभास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडचं तूच कळव.

दिवाळीत तू आलीस, चिवड्याचा डबा रिकामा केलास आणि जाता जाता तुझ्या बाबांच्या कानात सांगून गेलीस, की एम.ए. इंग्रजीला तू आयरिश साहित्य असा ऐच्छिक पेपर घेतला आहेस. मला सांगायची तुझी हिंमत झाली नाही. पण अवधूतच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तू त्याची मुलगी असून विसरलीस.

आयर्लंड नकाशात शोधलं. इंग्लंडच्या शेजारी आहे. शेजारी म्हणून वाचायचं तर आदिलाबादचं वाच की, ते पैनगंगेच्या पलीकडेच आहे.

आता कामाचं. यंदा कापसाने सगळ्यांचीच दैना केली आहे. खरेदी केंद्राबाहेर गाड्या उभ्या आहेत, भावाचं कोणी बोलत नाही, आणि शेतकऱ्याच्या हातात काही नाही म्हणून बाजारातही कोणाच्या हातात काही नाही. अशा दिवसांत नोकरी देणारं शिक्षण हवं. तेव्हा माझा हुकूम असा की संक्रांतीपर्यंत एम.ए. सोडून घरी ये, बी.एड.चं बघू. अवधूतने सगळं माझ्यावर सोपवलं आहे.

कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, पण लिहायला बसलो की हुकूमच उतरतो. भाषा सोड, माया घे.

तुझा आजोबा,
नीळकंठ


यवतमाळ,
२० नोव्हेंबर २००५

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि. आपला हुकूम पोचला. मी रडले, मग जेवले, मग लिहायला बसले.

पत्र मी राखीला वाचून दाखवलं. राखी माझ्या खोलीत राहते, माझ्याच वर्गात आहे, घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरची आहे. ती म्हणाली की तुह्ये आजोबा रागावून राह्यले का लाड करून राह्यले, मले तर काही समजत नाही.

आजोबा, मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं की चुकलेच. त्या लोकांची नावं म्हणताना आमची जीभ अडखळायची, आणि गोष्टीत दर दुसऱ्या पानाला पाऊस. यवतमाळात बसून इतका पाऊस वाचायचा म्हणजे जिवावर येतं. मग हा पेपर शिकवणाऱ्या गौरी मॅडमनी तिकडच्या दुष्काळाचं सांगितलं. सगळा देश बटाट्यावर जगायचा, तो जमिनीतच सडला, आणि माणसं जहाजात बसून परदेशी गेली. आमच्या वर्गातला संजय कधी तोंड उघडत नाही. तो उठला आणि म्हणाला की त्यायचा बटाटा पिकला तं खाता तरी येत होता, आपल्या कापसाची तं भाजी बी होत नाही. मॅडमनी ते वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं. त्या दिवसापासून या तासाला कोणी दांडी मारत नाही. मला हे सोडायचं नाही, आजोबा. इतकं मनापासून मी आजवर काही शिकले नाही.

तिकडे एक रीत होती. कोणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री सगळे जमायचे आणि तो जिवंत असतानाच त्याचा शोक करायचे, कारण तो परत यायचा नाही हे ठाऊक असे. बायका सुरात रडायच्या. राखी म्हणाली की यात काय नवीन, आमच्याकडेही बाया गळ्यात पडून सुरातच रडतात आणि रडता रडता त्या माणसाची सगळी गोष्ट सांगतात. मॅडमनी ते लगेच पकडलं. आता राखीची दादी धनीबाई आमच्या वर्गात येऊन रडून दाखवणार आहे. प्राचार्यांनाही बोलावलं आहे. निदान तेवढं होईपर्यंत हुकमाला स्थगिती मिळावी, ही विनंती.

आपला लोभ आहेच, तो हुकमाच्या वजनाखाली दबू नये.

आपली,
आभा


पांढरकवडा,
६ डिसेंबर २००५

चि. आभास,
आशीर्वाद. कळविण्यास आश्चर्य वाटते की काल संध्याकाळी मी वारलो.

मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आधी बळीराम आला, आमच्या कोर्टातला जुना बेलिफ. हातात झेंडूचा हार. मला पाहून तो फाटकातच थांबला आणि मी इथे काहून बसलो आहे असं त्याने मलाच विचारलं. माझं घर आहे म्हणून, असं मी सांगितलं. मग तो बराच वेळ हार कुठे ठेवावा या विवंचनेत होता. शेवटी खुंटीला अडकवला आणि शेंगा सोलायला बसला.

मागून रामलाल किराणावाला दुकान बंद करून आला. शेजारच्यांनी आज या घरी चूल पेटणार नाही म्हणून पिठलं-भाकरी पाठवली. भाकरी चांगली होती. मला वाढायचं का, एवढंच त्यांनी विचारलं. रात्रीपर्यंत अंगणात पुरुष मावेनात. अवधूत बँकेतून आला तो गर्दी पाहून फाटकापासून धावतच आत शिरला, आणि त्याला पाणी मलाच द्यावं लागलं.

चौकशी करता असं दिसतं, की उत्तमसिंग नावाच्या काळी-पिवळी चालवणाऱ्या गृहस्थाने यवतमाळहून निघताना ही बातमी गाडीत चढवली आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उतरवली. तुझ्या कॉलेजात माझं नाव घेऊन सगळा वर्ग ढसाढसा रडला, असं त्याने स्वतः पाहिलं म्हणतो. खुलासा उलटटपाली करावा.

अद्याप हयात,
नीळकंठ


यवतमाळ,
८ डिसेंबर २००५

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि. कोणत्या तोंडाने लिहू, तरी लिहिते.

धनीबाई आली, सगळ्यांच्या मधोमध बसली, पदर ओढून घेतला आणि विचारलं की मेलं कोन. मॅडम म्हणाल्या की कोणी नाही, नमुना म्हणून रडा. ती म्हणाली की बिननावाचं रडू येत नसते, माणूस सांगा. प्राचार्य घड्याळ पाहू लागले. मॅडमचा चेहरा उतरला. माझ्या तोंडून आपलं नाव निघून गेलं. ते हयात आहेत हेही मी लगेच सांगितलं. धनीबाई हसली आणि म्हणाली की मंग तं चांगलंच हाय, बुढ्याचं आयुष्य वाढते.

मग तिने विचारलं की माणूस कसा होता. मी सांगितलं की जज्जसाहेबांच्याही निकालातल्या चुका दाखवायचे, पत्त्यांत नातवंडांशी मुद्दाम हरायचे. आणि सांगितलं की आजी तिच्या शेवटच्या दिवसांत अंथरुणावर होती तेव्हा रोज सकाळी दार लोटून तिचे केस विंचरायचे आणि अंबाडा वाकडा बांधायचे. धनीबाईने तेवढंच धरलं. तिथे तिचे केस मोकळे आहेत, तू उठून चाललास, पण इथे या पोरीची वेणी आता कोण वाकडी घालेल, असं काहीसं ती तिच्या बोलीत म्हणत गेली. राखी अर्थ सांगता सांगता रडली. संजय रडला. प्राचार्य रडले. आपण जिवंत आहात हे मला पक्कं ठाऊक असून सगळ्यांत जास्त मीच रडले.

उत्तमसिंग राखीचा काका. तो गाडी लावून उशिरा आला, दारात उभा राहिला, टोपी काढली, डोळे पुसले आणि निघाला. त्यांच्यात उगाच कोणी असं रडत नाही, मग त्याने दुसरं काय समजावं?

आता माझी शिक्षा आपण ठरवाल ती. फक्त रागातही नात म्हणून मोजावं.

आपली,
आभा

ता. क. आजोबा, मी राखी. काकाले लय शरम वाटून राह्यली. पांढरकवड्याले आला की तो तुमच्या पाया पडनार हाय. त्याले मारू नका, लिहिल्याबद्दल मलेबी माफ करा.


पांढरकवडा,
१४ डिसेंबर २००५

चि. आभास,
अनेक आशीर्वाद. कु. राखीसही.

उत्तमसिंग येऊन पाया पडून गेला. चहा घेतला, पुन्हा डोळे पुसले. मी जिवंत असल्याचं त्याला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

त्या संध्याकाळी अंगणात माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. हिशोबाचा पक्का, वेळेचा पक्का, कोणाचा कागद दाबला नाही. सगळं खरं, आणि सगळं कोर्टातलं. केस विंचरायचो ते कोणी पाहिलं नाही अशी माझी समजूत होती, म्हणून तर दार लोटायचो. तू पाहिलंस, आणि तुझ्या त्या पेपरने ते तुझ्याकडून भरल्या वर्गात बोलून घेतलं. पत्र वाचून मी फार रडलो, आभा. सूर मात्र लागला नाही.

आता तुझ्या शिक्षणाचं. पक्षकार मयत झाला की त्याचा अर्ज तिथेच थांबतो, वारसाने चालवला तरच पुढे चालतो. एम.ए. सोड असं म्हणणारा इसम ५ डिसेंबर रोजी वारला, याला अर्धा तालुका साक्षीदार आहे. वारसांपैकी अवधूतने अंग काढून घेतलं आहे. उरलीस तू. एम.ए. सोडण्याचा तो अर्ज तुला पुढे चालवायचा असेल तर संक्रांतीच्या आत कळव. नाही तर निकाली काढून टाकतो.

माया पूर्वीप्रमाणेच चालू, तिला मरणाची बाधा नाही.

तुझा,
कै. नीळकंठ