तुडवायची अक्षरं

शिरोडा, रविवार संध्याकाळ

प्रदर्शनाचा पहिला दिवस संपत आला तरी माझ्या कामावरून एकही माणूस चालला नव्हता. किनाऱ्यावर जाड दोरांची एवढी मोठी अरबी अक्षरं मांडली, ती लोकांनी तुडवावीत म्हणूनच. शेजारी तशी पाटीही लावली होती. लोक पाटी वाचत, चपला काढून हातात घेत आणि लांबून वळसा घालत. कुणीतरी चक्क जास्वंद वाहिली. मी माडाआडून बघत होते. राग यायला हवा होता, पण आला नाही. अक्षरांना पाय लावू नये, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलंच आहे. मग हे मांडलं तरी कशाला?

शेवटी शेजारची सुलभाकाकी आली. तिच्याही चपला हातात. मला माडाआड हुडकून काढून तिने विचारलं, "काय गो, ह्यां देवाचां नाव मां?"

"नाय काकी. आखातात मी ज्या घरात कामाक होतंय, थंयची बाई पाहुणे इले की माका ह्यांच सांगी. 'आत हो, कोणाक दिसू नको.'"

काकीने चपला वाळूत टाकल्या, पायात सरकवल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी अक्षरं तुडवत गेली. तिथून वळून ओरडली, "आता थंय माडाफाटी कित्याक उभी रवलंस? भायर ये!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या चपला पायातच होत्या, तरी मला हलायला वेळ लागला.