प्रत्येकीचा कान वेगळा

१४ जुलै, मंगळवार

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार, भाऊजींनाही सांग. इकडे आई आणि मी बरे आहोत. पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तू "नंतर करते रे" म्हणून कापतेस. कागद कापायला निदान कात्री तरी शोधावी लागेल.

जिन्यातला दिवा परत गेला. वरच्या काकू अजून मलाच चोर समजतात, चपला एकदाच लपवल्या होत्या तरी. सायकलच्या दुकानात आता मला एकट्याला चाक बसवू देतात. मालक म्हणतो, "हाताला वळण आहे तुझ्या, तोंडाला नाही."

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे आधी मजेवर. मागे तुझ्या विक्रीच्या पेजवरून एका बाईंनी लोकरीच्या तीन मांजरी मागवल्या ना, सलूनच्या पत्त्यावर? त्या बाई म्हणजे मी. प्लॅन फक्कड होता. मांजरी आल्या की तक्रार टाकायची, 'तिघी रात्रभर भांडतात, एक बदलून द्या.' तू 'मॅडम, क्षमस्व' लिहिणार आणि रविवारी लोकर द्यायला आलीस की मी ते मोठ्याने वाचणार.

पण सलूनवाला मित्र माझा, म्हणजे गाढवच. खोकं थेट घरी आणून आईच्या हातात दिलं.

आईला काय आनंद! "अगंबाई, माझ्याच की रे या! कुणी परत पाठवल्या?" चष्मा लावला, तिघींना टेबलावर ओळीने बसवलं. मग एकेकीचा कान चिमटीत धरून बघितला.

आठवतं? आईने विणलेल्या अगदी पहिल्या मांजरीचा डावा कान तिच्या हातून वाकडा गेला होता, तू उसवायला निघालेलीस. मी म्हटलं, राहू दे, असाच विक. तेव्हापासून आई प्रत्येकीचा कान मुद्दाम वाकडा करते, पण वेगवेगळा. कुणाचा पुढे, कुणाचा मागे, एकीचा तर काकूंच्या अंबाड्यासारखा. पेजवर मीच लिहिलं, 'आईच्या हातची. प्रत्येकीचा कान वेगळा.'

या तिघींचा कान एकसारखा वाकडा होता, ताई. टाक्याला टाका. मशीनला वाकडं जायला शिकवलंय कुणीतरी.

"या मी नाही केल्या," आई म्हणाली.

"तूच गं. नंबर वाढलाय तुझ्या चष्म्याचा."

"मला शिकवतोस? मग माझ्या कुठे जातात रे?"

मी फोन घेऊन जिन्यात सटकलो.

भाऊजींना फोन लावला. त्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हणाले, "अरे, त्या आमच्या गॅलरीत आहेत, पिशव्यांत. ऑर्डरी वाढल्या, आईंचा वेग पुरेना. कारखान्यातून घेतो आता. सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून लोकर देत राहतो. तेवढाच वेळ जातो त्यांचा."

वेळ जातो! बोटं सुजली की गरम पाण्यात बुडवून परत बसते ती, गिऱ्हाईक खोळंबलं असेल म्हणून. आणि तू समोर बसून सांगतेस, "आई, तुझ्या पिवळ्या मांजरीला घेतल्याशिवाय एक मुलगी झोपतच नाही." कोण गं ती मुलगी? तुमच्या गॅलरीत झोपते का?

कारखान्यातून घे, दुकान मोठं कर, मला काय करायचंय. पण 'आईच्या हातची' हे वाक्य आणि आईचा फोटो पेजवरून काढ. वाक्य माझं, फोटो मी काढलेला. दोन्ही परत हवीत मला.

आईला काही कळू दिलं नाही, असं लिहिणार होतो. पण सांगावं लागलं, फोनवर बोलत होतो तेव्हा ती मागेच उभी होती. मला वाटलं रडेल. तिने सुया उचलल्या आणि अर्धी राहिलेली मांजर पुढे विणायला घेतली. म्हणाली, "तिला बोलू नकोस हं यातलं काही. मला माहीत नाही असंच वाटू दे. एवढी धडपडते पोर, खाली मान घालायला कशाला लावायची?"

तिचं न ऐकता लिहितोय. रविवारी तू येशील. आई पिशवी पुढे करेल, तू "कित्ती गोड" म्हणशील, ती हसेल. त्या हसण्याकडे नीट बघ. मी घरी नसेन.

शेवटी मोठ्यांचे आशीर्वाद मागतात. या वेळी राहू देत.

काय करणार, तुझाच
भाऊ