रामरावांचा म

धाड, एप्रिल १९७८

सन्माननीय जावईबापू जानराव यांना सासरे शेषराव यांचा मुंबईपर्यंत पोचेल एवढा मोठा नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुमची तब्येत, पुष्पाचा खोकला आणि तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर, तिघांचीही खुशाली कळवावी. धाकट्या आशाच्या लग्नपत्रिकांसाठी नावांच्या इंग्रजी चिठ्ठ्या तुम्ही कॉम्प्युटरवर छापून पाठवल्या, याचं आम्हांला फार कौतुक आहे. पुढचं वाचताना हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावं.

मी यादीत एकाच माणसाला एकदा किसन आणि एकदा किसनराव लिहिलं होतं (आडनावं लिहिली नव्हती, आमच्याकडे नाव आणि गाव पुरतं). म्हणून, एकाला दोन पत्रिका जाऊ नयेत यासाठी, तुम्ही सगळ्यांच्याच नावामागचा राव छाटून पुढे श्री लावायचं ठरवलंत. विचार उत्तम होता. पण पुष्पा लिहिते की यंत्राला राव हा शब्द समजत नाही, आर, ए, ओ ही तीन इंग्रजी अक्षरं तेवढी समजतात. ती अक्षरं ते नावाच्या दोन्ही टोकांपासून खुडत सुटतं, चौथं कुठलं अक्षर आडवं येईपर्यंत. तुमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण चिकटवायची भारी हौस. मी शेतातून येईपर्यंत बहुतेक पत्रिका टपालात पडल्या होत्या. पंजाबरावांचं नुसतं पंजाब उरलं; ते खूश आहेत, अख्खा मुलूख नावावर झाला म्हणतात. पण मेहकरला माझे थोरले मेहुणे रामराव, त्यांच्या नावाची पुढून दोन आणि मागून तीन अक्षरं गेली आणि पाकिटावर राहिलं, श्री म.

आता हा नवरीचा सख्खा मामा. तो मागे उभा राहिल्याशिवाय आशा बोहल्यावर चढणार कशी? आणि त्याचा निरोप आला की लग्नाला येत नाही. आम्ही दोघं पहिल्या एसटीनं मेहकर गाठलं. रामराव बाजेवर पाठ फिरवून बसलेले. आमच्या वहिनींनी, केसरबाईंनी, चहा आणला तोही उंबऱ्यावरूनच सरकवला. तलाठ्याच्या कागदावर म म्हणजे मयत असतं, असं त्यांना कोणीतरी समजावलं होतं.

"पाव्हणे," रामराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी जित्ता आहो ना? मंग मले काऊन मारून राह्यले तुम्ही?"

मी आर, ए, ओ समजावू लागलो. जसजसा समजावत गेलो तसतसे ते जास्तच मेल्यासारखे दिसू लागले. (तुम्ही स्वतः असता तर नीट सांगितलं असतंत. मी शेवटी कांदा सोलून दाखवला, त्यात सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं.) तेवढ्यात तुमच्या सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"दादा, म म्हणजे मामा! बाकीच्यायले नावं देल्ली, तुले नातं देल्लं. मुंबईच्या मशीनले कळलं, तुले नाही कळलं काय रे?"

रामराव हळूच वळले. पाकीट उन्हात धरून पाहिलं. मग चहा मागितला, तो गार झाला म्हणून दुसरा मागितला, आणि आता ते पाकीट घेऊन सगळ्या मेहकरात हिंडत आहेत. परतताना एसटीत तुमच्या सासूबाई खिडकीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत होत्या. भाऊ हसला की त्यांना असंच होतं.

चिठ्ठ्यांबद्दल तक्रार नाही. दोघांना आशीर्वाद.

आपला,
शेषराव

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की आशाचे सासरे मोताळ्याचे शंकरराव. छाटून त्यांचं शंक झालं आहे, आणि आमचे गुरुजी ते शंख असं वाचतात. व्याह्यांना पहिल्याच पत्रात शंख कसं म्हणावं? ते पाकीट मी कोनाड्यात ठेवलं आहे. पूर्ण नावाची एक चिठ्ठी लगेच पाठवावी. हातानं लिहू द्यायला सासूबाई तयार नाहीत. जावयाच्या कष्टावर शाई फिरवायची नाही म्हणतात.

ता. क. दुसरा. कोनाडा रिकामा आहे. राहिलेलं एक पाकीट सापडलं, ते सोमवारीच टपालात टाकलं, असं सासूबाई आनंदानं सांगत आहेत. तेव्हा चिठ्ठी नको, तुम्हीच या. मोताळ्याला जोडीनं जाऊ. काय बोलायचं ते वाटेत ठरवू.