खुणेखालचं टिंब

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. वोल्फ्सबुर्ग

ड्रेस्डेनची फेरी: डिझेल ६२ युरो, पार्किंग ९, कॉफी आणि कोरडा केक ७. हा पावतीचा खर्च. खरा खर्च माझ्या वर्कशॉपमध्ये झाला. मी नव्हतो, पत्रा कापायच्या प्रेसचा पंच बोथट झाला आणि एकाच्याही कानाला कळलं नाही. चारशे पट्ट्या भंगारात. मी असतो तर तिसऱ्या ठोक्याला ओळखलं असतं.

तरी गेलो ते बरं केलं. इरा — पुण्याची मुलगी, ड्रेस्डेनला डॉक्टरेट करते — आमच्या मंडळाच्या गणपतीत बोलायला आली होती. एका इंग्रज साहेबाने एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या आसपास वस्तू गोळा केल्या. नातीने जर्मन नवरा केला, म्हणून संग्रह इकडे, ड्रेस्डेनच्या एका छोट्या म्युझियममध्ये. साहेबाला वस्तू कुणी कुणी पुरवल्या, त्या माणसांवर इरा तिथे आता प्रदर्शन उभं करतेय. गणपतीतल्या त्या भाषणात पडद्यावर साहेबाच्या यादीचं एक पान आलं: धोंडीशेट पोतदार, सोनार, सासवड, हत्यारांचा एक संच, भेट. मी खुर्चीतून उठलोच. आमचे खापरपणजोबा!

म्हणून आजची फेरी. हत्यारं पाहिली. हातोडीचा दांडा अजून धड आहे. इराला आमची रीत सांगितली. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घरचा देव. रोजच्या आंघोळीने, गंधाने झिजतो. नाकडोळे गेले की सोनाराकडे न्यायचा. सोनार जुनी चांदी आटवून नव्यात घालतो. म्हणजे देव तोच राहतो.

"आमच्या दुकानातून जुना देव कधी बाहेर गेला नाही," मी म्हणालो. "आमच्या घरचा खंडोबा सात पिढ्यांचा आहे. विमानात हातातल्या पिशवीतून आणला, सामानात टाकला नाही."

ती लिहून घेत होती. "काका, हे प्रदर्शनाच्या पाटीवर घेऊ?"

घे की, म्हटलं.

२० ऑक्टोबर, रविवार

काल एक गोष्ट लिहिली नाही.

निघता निघता इराने एक ड्रॉवर उघडला. काळ्या कापडावर एकसष्ट टाक. खंडोबा, भवानी, वीर. सगळे झिजलेले, घोड्याला पाय नाहीत, देवीला चेहरा नाही. बोटांनीच पुसून गेलेले. ती म्हणाली, "हे कुणी दिले ते साहेबाने लिहिलंच नाही. एवढंच लिहिलंय, की देणाऱ्याने दुप्पट दाम घेतला आणि एक अट घातली — गावात कुणाला दाखवायचे नाहीत."

मग तिने हातमोज्यातल्या बोटांनी एक उलटा केला. पाठीवर नांगर कोरलेला, नखाएवढा. खाली टिंब. "या खुणा साहेबाच्या असाव्यात, ना?"

"असतील," मी म्हणालो.

नाहीत. दसऱ्याआधी घरोघरचे देव उजळायला यायचे, तेव्हा आजोबा पाठीवर खूण करायचे. याचा देव त्याच्या घरी जाऊ नये म्हणून. कुणब्याला नांगर, वाण्याला तागडी, आमच्या स्वतःच्या घराला चंद्रकोर. आणि प्रत्येक खुणेखाली एक टिंब. ते टिंब दुकानाचं. सासवडात दुसरा कुणी ते घालत नसे.

तिने दहा-बारा टाक उलटे केले. सगळे टिंबाचे. मी घड्याळ बघून निघालो.

२३ ऑक्टोबर

पंच बदलला. आवाज ठीक. माझं डोकं ठीक नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

इराचा व्हिडिओ कॉल. मधेच कॅमेऱ्यामागून तिच्या म्युझियमच्या मुख्य बाई बोलल्या, हळू, जर्मनमध्ये. त्यांना वाटतं मला फक्त गुटन टाग येतं. सव्वीस वर्षं मी इथल्या गिऱ्हाइकांचं दाराबाहेरचं बोलणं ऐकून भाव ठरवलेत! बाई म्हणाल्या, कुटुंब इतकं खूश आहे, त्यांना टाकांचं विचारू नकोस, तिथे 'अज्ञात व्यापारी' लिहू.

म्हणजे मला खोटं बोलायचीही गरज नाही. नुसतं गप्प बसायचं. धोंडीशेटचं नाव हत्यारांवर, आणि देव अज्ञात माणसाचे.

जेवताना ईप्सिताला पाटीचं वाक्य वाचून दाखवलं, जुना देव दुकानातून कधी बाहेर गेला नाही ते. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. "उंड दी आल्टन, पापा?" आणि जुने? जुने कुठे गेले?

"नव्यात," मी म्हणालो.

"हास्ट डू एस गेझेएन?" तू पाहिलंयस?

तिची आई, मनोरमा, मला भाकरी वाढता वाढता माझ्याकडे बघत राहिली.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

मनोरमाला सांगितलं. सगळं. ती देव पुसत होती, पुसतच राहिली.

"लोक काय समजून नवा टाक घरी नेत असतील हो?"

"की जुना त्यातच आहे."

"आणि त्याच्यासमोर हात जोडत असतील."

"हो."

हातातला टाक देव्हाऱ्यात ठेवत म्हणाली, "अहो, तुमच्या पणजोबांचे पणजोबा की कोण, ते काही तुम्हाला विचारायला येणार नाहीत. पण नांगरवाल्यांच्या घरात कुणीतरी असेलच की."

"खापरपणजोबा," मी म्हणालो.

"तेच ते. मोठ्या कौतुकाने सांगत होतात सगळ्या मंडळाला. आता हेही सांगा."

९ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा ड्रेस्डेन. पावत्या ठेवल्या नाहीत.

इराला टिंब दाखवलं. माझ्याकडचा आजोबांनी उजळलेला तांब्या नेला होता, त्याच्या बुडाशी तेच टिंब. तिने तांब्या आणि टाक शेजारी ठेवले. मग म्हणाली, "काका, तुमचं वाक्य काढावं लागेल."

"काढ."

"आणि नाव इथे येईल. या ड्रॉवरवर."

"येऊ दे."

बाई आल्या. मी जर्मनमध्ये सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण मला हसू आलं नाही.

इराने एक काम दिलं. एकसष्टही पाठींचे फोटो पाठवणार, मी खुणा वाचायच्या. कुठली खूण कुठल्या घराची ते लागलं, तर ती सासवडला जाऊन त्या घरांना सांगणार. आजोबांच्या तोंडच्या वीसेक खुणा मला पाठ आहेत. बाकीच्यांसाठी चुलत्यांना फोन केला. ते म्हणाले, "पद्माकर, तुला जर्मनीत कामं कमी आहेत का?" आणि मग अर्धा तास खुणा सांगत बसले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्घाटन. नवा कोट. पाटी अशी: धोंडीशेट पोतदार, सोनार, सासवड. एकसष्ट घरचे देव. घरच्यांची समजूत होती की जुनी चांदी नव्यात आहे.

एका म्हाताऱ्या जर्मन बाईने विचारलं, तुम्ही यांचे कोण? सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला. मी वाइन घेतली नाही. ईप्सिता पूर्ण वेळ शेजारी उभी होती.

३ डिसेंबर

चव्वेचाळीस खुणा वाचून झाल्या. तेली, माळी, तीन नांगर, एक पालखीवाले.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

शेवटचे फोटो आले. क्रमांक ४७: खंडोबा, घोड्याला पाय नाहीत. पाठीवर आमच्या घरची चंद्रकोर, खाली टिंब.

भरीत-रोडगा झालाय, मनोरमा नैवेद्याला हाक मारतेय. देव्हाऱ्यातला आमचा खंडोबा सात पिढ्यांचा नाही. धोंडीशेटपासून मोजला तर पाच.