उचल, पण सावकाश

मिठबाव,
१२ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
जयरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाईंचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. इकडे कलमांना मोहोर चांगला आहे, थंडी अशीच राहिली तर धरेल. फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहायला जावं तर बोट एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. म्हणून आपली पत्रंच बरी.

तुझ्या लाडक्या भाचीने पुण्याहून एक खोका पाठवला आहे. मला वाटलं मिक्सर असेल. उघडला तर आत प्लास्टिकचे ठोकळे, लहान मुलं जोडून खेळतात तसले. दोन हजार आठशे अडतीस तुकडे. ते जोडले की क्रेन होते म्हणे, पट्ट्यांवर चालणारी, सहा मोटरींची, आणि ती चालवायची मोबाईलवरून. अठ्ठावीस वर्षं मी आखातातल्या बंदरात खरी क्रेन चालवली, चाळीस टनांची यंत्रं जहाजातून अंड्यासारखी उतरवली. आता साठाव्या वर्षी सोनल बापाला खेळणं पाठवते. आणि पाठवायचंच होतं तर आगगाडी पाठवायची होती. ज्या क्रेनच्या आवाजात माझे कान गेले, तिचीच आठवण कशाला? खोका माळ्यावर टाकला.

आता मुख्य गोष्ट. सोनलचा साखरपुडा २७ एप्रिलला कुडाळला सर्वेशच्या घरी ठरला आहे. मी जाणार नाही. रागावू नकोस, आधी ऐक. मार्गशीर्षात शेजारच्या लवूकडे पूजा होती. तिथे कुणीतरी मला विचारलं की सोनलच्या लग्नाचं कुठवर आलं. मला वाटलं कलमांचं विचारतो आहे. मी भर मांडवात सांगितलं, "औषध मारलंय. आता कीड पडूची नाय." सगळा मांडव हसला. लवूची आई तर पदर तोंडात धरून आत गेली. कानाचं यंत्र घातलं की भांडी, कोंबड्या आणि माणसं एकदमच डोक्यात शिरतात, म्हणून ते कपाटात आहे. व्याह्यांच्या घरी असंच काही बोललो तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. पोरीची आई म्हणून गौरजा जाईल, तू आणि भाई जा. मी कलमं राखतो.

भाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो या निरोपानंतरही राहू द्यावा.

तुझा न ऐकणारा भाऊ,
जयराम


मालवण,
२० जानेवारी २०२५

चि. जयराम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा बहीण म्हणून आणि एकदा शिक्षिका म्हणून. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. त्यांतली सर्वांत मोठी 'मी जाणार नाही' ही.

कीड पडणार नाही हे वाचून मीही हसले, खोटं कशाला बोलू? भाई तर जेवता जेवता ठसकले. पण बाबा रे, त्यात कुणाचं काय गेलं? तू लहानपणापासून कुणाचं ऐकत नाहीस. आता ऐकू येत नाही हे तुला आयतं निमित्त सापडलं आहे. एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा आणि बाप म्हणे कलमं राखतो. मला याचा राग आला आहे आणि वाईटही वाटलं आहे. मी तुझ्या शेजारी बसेन, कुणी काही विचारलं की तुझ्या कानात ओरडेन. वर्गात साठ मुलांवर ओरडलेला गळा आहे हा, अजून शाबूत आहे.

खेळण्याबद्दल सांगते. सोनलने घेण्याआधी मला विचारलं होतं. मी म्हटलं की त्याला नको ते, टेबलफॅन घे. ती म्हणाली की घेईन तर क्रेनच घेईन. का, ते काही सांगेना. नुसती हसली. तिने एवढं मनावर घेतलं आहे तर खोका माळ्यावरून खाली तरी काढ. आणि ऐक, त्यातल्या पुस्तकात म्हणे एकही शब्द नसतो, नुसती चित्रं. तुझ्यासारख्या चुका करणाऱ्याला बरं.

इथे बाजारात बांगडा आहे, पण भाईंना तळलेलं बंद केलं आहे, म्हणून आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत आमटी भात जेवतो. गौरजाला आशीर्वाद. माया आहे तशीच असू दे, मात्र पुढच्या पत्रात अक्कल दिसली पाहिजे.

तुझी,
आक्का


मिठबाव,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

खोका खाली काढला. गौरजाला माळ्यावर कांदे ठेवायचे होते म्हणून काढला, तुझ्या सांगण्यावरून नव्हे.

पण आक्का, पुस्तकाचं तू म्हणालीस ते खरं. चारशेच्या वर पानं आणि शब्द एक नाही. हा तुकडा घे, तो तिथे बसव, बाण दाखवतो त्या बाजूला फिरव, एवढंच. पाच वर्षांत माझ्याशी कुणी न ओरडता बोललं असेल तर ते हे पुस्तक. रोज न्याहारी झाली की बसतो ते जेवणाला उठतो. तुकडे रंगांप्रमाणे आंब्याच्या पेट्यांत लावले आहेत, आणि दातेरी चाकं गौरजाच्या सुपात. पहिले दोन दिवस तिने सूप परत मागितलं, आता नवीन आणलं.

खेळणं म्हणालो ते शब्द मागे घेतो. आत खरा गिअर आहे, खरा ड्रम आहे, दोरी खरोखर गुंडाळली जाते. एकशे बाराव्या पानावर मी एक चाक उलट बाजूला बसवलं आणि ते कळलं एकशे साठाव्या पानावर. वर म्हटलं की खाली, खाली म्हटलं की वर. सगळं उकललं, दोन दिवस गेले. मग एक करडी खीळ सापडेना, तांदळाएवढी. ती लाल कोंबडीने गिळली असा गौरजाला संशय होता. दोन दिवस कोंबडी आवारात कोंडून गौरजा तिच्या मागे मागे फिरत होती. शेवटी खीळ माझ्याच सदऱ्याच्या खिशात मिळाली. त्याची शिक्षा म्हणून मला चार दिवस तीच ती भाजी मिळाली.

सोनलने क्रेनच का घेतली असेल? मी काम काय करायचो हे तिने कुठे बघितलं? वर्षातून एक महिना घरी येणारा बाप मी. गौरजाने तरी कुठे बघितलं? जाऊ दे.

कुडाळचं मात्र तेच. तू कानात ओरडणार म्हणजे सगळ्या घरालाच ऐकू जाणार. नको. आपुलकी आहे ती या हट्टापायी कमी करू नये.

तुझा तोच न ऐकणारा,
जयराम


मिठबाव,
१० मार्च २०२५

ती. वन्संस,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण काल जे झालं ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

यांची क्रेन पुरी झाली. उभी केली की यांच्या छातीपर्यंत येते. करवंटीत मीठ भरून ती उचलायची, ओट्यावरून न्यायची आणि पाटावर ठेवायची, असा यांचा खेळ सकाळपासून चालला होता. मी चुलीपाशी होते. एकाएकी कट कट कट असा आवाज यायला लागला. बघते तर आकडा खिडकीच्या गजात अडकलेला, वरचा लांब हात वाकत चाललेला आणि आतलं चाक दात मारत होतं. यांना आवाज येत नाही. हे आपले बटण दाबून बसलेले, नजर करवंटीवर. मी हाक मारली, दोनदा मारली, पण ऐकणार कोण? तशीच धावले, करवंटीच्या पुढे उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले.

वन्सं, यांचा हात त्या क्षणाला थांबला. वर बघायच्याही आधी थांबला. मग माझ्याकडे बघत राहिले ते बघतच राहिले. मला वाटलं रागावले. तर मला विचारतात, "गो, ह्यो सिग्नल तुका कोणी शिकयलो?" मला काय माहीत सिग्नल! मी म्हटलं, "कोंब्येक असाच आडयतंय मी." त्यांना अर्थात ऐकू आलं नाही, मग हातवारे करून दाखवलं. तेव्हा हे जे हसले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही रडले, का ते विचारू नका.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. बंदरात एवढा गोंगाट की कुणालाच काही ऐकू येत नसे. खाली एक माणूस उभा राही, त्याचे हात बघून हे वर क्रेन चालवीत. हात पसरले की जागच्या जागी थांब. एक बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तेच बोट खाली करून फिरवलं की खाली सोड. आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्यावर स्थिर धरला की सावकाश. एकतीस वर्षं संसार केला, हे मला काल कळलं.

आता घरात ओरडणं बंद झालं आहे. जेवायला बोलवायचं तर मी दारातून बोट खाली फिरवते. हे माडाखाली असले तरी येतात. चहाला बोट वर. शेजारीण विचारत होती की यांना काही बाधा झाली का.

तरी कुडाळला या म्हटलं की मान हलवतात. घरात ठीक आहे, तिथे नको म्हणतात. तुम्हीच काही करा. भाईंना नमस्कार सांगा. मोठ्या मायेने सांभाळून घेता तसंच पुढेही घ्या.

तुमची,
गौरजा


मालवण,
२ एप्रिल २०२५

चि. जयराम यास,
अ. उ. आ.

गौरजाचं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. त्यात एकही चूक नाही, हे तुला मुद्दाम सांगते.

उशीखाली अशासाठी की मी अंथरुणावर आहे. परवा मागच्या दारी पायरी चुकले, घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. भाई स्वयंपाक करतात आणि मी सोसते. म्हणजे कुडाळला मी येत नाही. तुझ्या शेजारी बसायला कुणी नाही आणि तुझ्या कानात ओरडायलाही कुणी नाही. आता तुला न जायला आणखी एक कारण मिळालं, असं तू म्हणशील हे मला माहीत आहे.

पण मी पडल्या पडल्या विचार केला. एवढी वर्षं तू खालच्या एका माणसाच्या हातांकडे बघून जड जड वस्तू उचलल्यास, कधी कुणाच्या डोक्यावर पाडली नाहीस. तिथे तुला कान लागले नाहीत. मग व्याह्यांच्या घरात का लागावेत? गौरजाला समोर बसव आणि तिच्या हातांकडे बघ. तुझ्या हातून चूक झाली तर लोक हसतील, आणि साखरपुड्यात माणसं हसली तर काय बिघडतं? तू नसलास तर मात्र कुणी हसणार नाही. ती जागा रिकामी दिसेल आणि सोनल त्या जागेकडे बघत बसेल.

मी तुझी थोरली बहीण आहे. मला यायला जमत नाही याचं मला फार दुःख आहे. तुला जमतं आहे, तर जा आणि मला सगळं लिहून कळव. एवढं एक माझं ऐक.

लोभ असावा असं मी लिहीत नाही, तो कुठे जातो?

तुझी,
आक्का


मिठबाव,
२९ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घोटा कसा आहे? भाईंच्या हातचं खाऊन तो लवकर भरेल, कारण उठून स्वयंपाकघरात जायची ओढ लागेल.

गेलो. पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि गेलो. सर्वेशची माणसं भली आहेत. त्याच्या वडिलांचा दशक्रियेसारखा गंभीर चेहरा आहे, पण मनाने मऊ. ठरल्याप्रमाणे गौरजा समोर बसली होती. कुणी काही विचारलं की मी तिच्याकडे बघायचो आणि ती बोट हलवायची. पोह्यांच्या वेळी तिने वर बोट केलं, मी आणखी घेतले. तिला 'आता उठा' म्हणायचं होतं. एवढी एकच चूक झाली आणि ती गोड निघाली.

अंगठ्या घालून झाल्यावर बायकांनी गौरजाला ओटी भरायला आत नेलं. आणि नेमके तेव्हाच व्याही माझ्याकडे वळून काही विचारू लागले. ओठ हललेले दिसले, शब्द एक नाही. सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. मला लवूचा मांडव आठवला. समोरची खुर्ची रिकामी. काहीतरी ठोकून द्यायला मी तोंड उघडणार, इतक्यात सोनलकडे लक्ष गेलं. ती सर्वेशच्या बाजूला पाटावर बसली होती. तिने मांडीवरचा हात जरासा वर केला, एक बोट गोल फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्यावर स्थिर धरला.

उचल, पण सावकाश.

मी व्याह्यांना म्हणालो, "होय. पण सावकाश." सगळे हसले. मी पुन्हा गारठलो. मग कळलं की ते आनंदाने हसत होते. व्याह्यांनी विचारलं होतं की लग्न येत्या महिन्यातच उरकायचं की पावसाळा जाऊ द्यायचा. त्यांच्याही मनात पावसाळ्यानंतरच होतं. तेव्हा तुळशीचं लग्न झालं की लगेच आपलं. तोवर तुझा घोटा धावायला लागेल.

निघताना मी सोनलला विचारलं की आईने तुला केव्हा शिकवलं. तिने मान हलवली आणि विड्याच्या कागदामागे लिहून माझ्या हातात दिलं. तो कागद माझ्यासमोर आहे. तसाच उतरवतो:

"बाबा, आवशीन नाय, तूच शिकयलंस. मी सा वर्सांची होतंय. तू रजेर इल्लंस. दर्याच्या येळेवरच्या सुरूच्या फांदयेर दोरी टाकून तू टोपली वडी होतंस आणि मी खाली उबी रवान हात करी होतंय. तू इसारलंस. मी नाय इसारलंय."

आक्का, मी खरंच विसरलो होतो. आता डोळे मिटले की ती टोपली दिसते. तिच्यात चार शिंपले आणि तिची चप्पल होती. मला वाटत होतं की माझं काम घरात कुणालाच माहीत नाही. क्रेनच का, ते आता कळलं. खोका उघडल्या दिवशी माळ्यावर टाकला याची लाज वाटते.

क्रेन तशीच ओट्यावर उभी आहे. मोडायची नाही असं गौरजाने हात पसरून सांगितलं आहे. हे लिहिता लिहिता ती दारात येऊन बोट खाली फिरवते आहे, म्हणजे जेवण वाढलं. बाकी भेटीअंती.

भाईंना नमस्कार. माया आहे, ती अशीच दोरीने बांधलेली राहो.

तुझं एकदाचं ऐकलेला भाऊ,
जयराम