डोकं त्याचं, पोटदुखी माझी

ती. मावशीस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (त्यातला उजवा हात करंगळीपासून सुजलेला आहे, तेवढं सांभाळून घे. इथे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो.) तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? तुला फोनवर नीट ऐकू येत नाही याचा फायदा घेऊन तुझ्या चिरंजीवांनी ‘किरकोळ लागलंय’ एवढंच ओरडून फोन ठेवला, म्हणून हे सविस्तर पत्र. घाबरू नकोस. तो जेवतो, झोपतो आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांचा लाडका आहे.

तुला माहीतच आहे, आमच्या फुटबॉल संघात तो गोलकीपर आणि मी राखीव गोलकीपर. त्याला सगळे ‘भिंत’ म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत. तो गोल अडवतो आणि मी बाकावर संघाच्या डॉक्टरीणबाईंशेजारी बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसतो. इतकी वर्षं बसून बसून त्यांचं निम्मं शास्त्र मला पाठ झालंय. डोक्याला मार बसला की माणूस बेशुद्ध पडायलाच हवा असं नाही, तो उभा राहून हसतसुद्धा असतो, हे मला तिथेच कळलं.

तर गेल्या सामन्यात एक गोष्ट घडली. उंच आलेल्या चेंडूवर हा झेपावला आणि समोरच्या गड्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. डॉक्टरीणबाई तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी घोटा बांधत होत्या. हा उठला, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. (मी पडलो असतो तर हसले असते.) पण मध्यंतराला तो खोलीत आला तेव्हा मला काही ठीक दिसेना. दिव्याकडे बघून डोळे मिटत होता. बुटाची नाडी हातात धरून नुसता बसला होता. ‘आपण कोणाशी खेळतोय?’ असं त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि पाणी पिऊन पुन्हा तेच विचारलं. मग मी सहज म्हणालो, आपल्या दोघांत चांगला गोलकीपर कोण? तो म्हणाला, ‘तू.’ तेव्हा माझी खात्रीच पटली की याच्या मेंदूला मार बसलाय.

मी धावत कोचकडे गेलो. आता मावशी, माझी अडचण समजून घे. याआधी मी कोचना याचा खांदा निखळलाय, याला ताप आहे, याला लांबचं दिसत नाही, असं बरंच काही सांगून बसलो होतो. त्यामुळे त्यांनी मान वर न करताच ‘तुझं नेहमीचंच आहे, बस खाली’ म्हटलं. तिकडे हा हातमोजे चढवत होता, तेही उलटसुलट. अजून एक फटका बसला असता तर काय झालं असतं, हे मी बर्फाच्या पेटीमागून पुरेसं ऐकलेलं आहे. मला रडूच फुटलं. मी म्हणालो, ‘मला नका उतरवू! कोणालाही उभं करा, जाळं रिकामं ठेवा, पण त्याला बाहेर काढा.’

माझ्या तोंडून ‘मला नका उतरवू’ ऐकून कोचना माझीच तब्येत बिघडली असं वाटलं, आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मी बाईंना त्याच्याकडे ओढत नेलं. त्यांनी त्याला चार प्रश्न विचारले, सरळ रेषेत चालायला लावलं आणि निक्षून सांगितलं, आज खेळायचं नाही, एकटं राहायचं नाही, डोकेदुखी वाढली किंवा उलटी झाली तर तडक इस्पितळ. मग दुसरा कोणी नव्हता म्हणून मला उभं केलं. मी तीन गोल खाल्ले. एक पेनल्टी मात्र अशी अडवली म्हणतेस! करंगळी तिथेच गेली.

आता घरी काय थाट आहे म्हणून सांगू! पडदे ओढलेले, शेजारच्या काकू टीव्हीचा आवाज कमी ठेवतात, सगळा संघ फळं घेऊन येतो आणि दबक्या आवाजात ‘भिंत कशी आहे?’ विचारतो. सफरचंदं मी चिरतो, सुजल्या करंगळीने. पेशंटला साली आवडत नाहीत, त्या मी खातो.

तुझा,
बाकावरचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तो डॉक्टरीणबाईंना ‘डोकं अजिबात दुखत नाही’ सांगतो आणि घरात काळा चष्मा घालून चहा कपाबाहेर ओततो. येत्या रविवारी खेळायचंच म्हणतोय. पूर्ण बरं वाटेपर्यंत नाही, आणि मग हळूहळू, असं बाई म्हणाल्यात. मी अडवलं तर जळतोय म्हणतो. (जळतोच.) तो फक्त तुझं ऐकतो. मिळेल त्या गाडीने ये.

ता. क. २. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही. काल पाहुण्यांनी पेनल्टीचा विषय काढला, तर मला विचारतो, ‘मीच अडवली ना रे?’ इतका खूश दिसत होता की मी हो म्हणालो. तो ठणठणीत बरा झाला की त्याला खरं सांग. घाई नाही. पण सांग.